सोसायटी म्हणते प्रोबेट आणा, पण वकील कुठून आणू?

प्रश्न : माझे वडील यंदाच्या जानेवारीत, म्हणजे २०२६ मध्ये वारले. आई २०१७ मध्येच गेली. मुलुंड पूर्वेला वडिलांचा फ्लॅट आहे. बँकेत सुमारे ११ लाखांच्या ठेवी आहेत, नॉमिनी कुणीच नाही. थोडे शेअर्स आणि चिपळूणजवळ गावी २० गुंठे जमीन. २०१४ मध्ये त्यांनी मराठीत, स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले. त्यात फ्लॅट मला, ठेवी आणि शेअर्स दोन्ही भावांना, आणि जमीन आम्हा चौघा भावंडांना समान. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून माझे नाव आहे. दोन साक्षीदारांपैकी एक वारले. दुसरे, वडिलांच्या ऑफिसातले काका, ७८ वर्षांचे आहेत आणि आता डोंबिवलीला राहतात. थोरली बहीण २०१९ मध्ये गेली, तिची मुलगी २१ वर्षांची, मुलगा १६ वर्षांचा. म्हणजे वारस आता आम्ही तिघेच. एक भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याची काही हरकत नाही. धाकटा नाशिकला, तो नुसते 'बघू' म्हणतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) आणल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर नाव चढणार नाही. ओळखीतून एक वकील मिळाले, ते निकाल लागल्यावर फ्लॅटच्या किमतीच्या ३ टक्के मागतात. हे बरोबर आहे का? चांगला वकील कसा शोधायचा?

उत्तर : ताई, वकील शोधायला निघण्याआधी या रविवारी डोंबिवलीला जाऊन या.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि ते कोर्टात सिद्ध करताना हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराने पुढे यावे लागते. तुमच्याकडे एकच उरले आहेत, तेही ७८ वर्षांचे. त्यांची तब्येत बिघडली किंवा स्मरण गेले तर वडिलांची आणि साक्षीदाराची सही ओळखणारी माणसे उभी करून मृत्युपत्र सिद्ध करावे लागेल. तोही मार्ग कायद्यात आहे, पण लांबचा आणि कच्चा. म्हणून काकांना मृत्युपत्राचा फोटो दाखवा आणि त्यांना काय आठवते ते विचारा: वडिलांनी त्यांच्यासमोर सही केली का, कुठे बसून, आणि स्वतः काकांनी वडिलांसमोर सही केली का. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही, पण प्रत्येकाने सही होताना पाहिलेली हवी, किंवा वडिलांनी 'ही सही माझीच' असे त्याला सांगितलेले हवे. काय बोलायचे ते त्यांना शिकवू नका, फक्त ऐका. आधार कार्डावरचे त्यांचे नाव आणि आजचा पत्ता उतरवून घ्या, कारण मृत्युपत्रावरचा पत्ता आता जुना झाला असणार. वकील ठरला की पहिले प्रतिज्ञापत्र काकांचे करायचे.

त्याबरोबर मूळ मृत्युपत्राची काळजी. त्याची पिन काढू नका. झेरॉक्स काढताना दुकानदार सवयीने पिन उपटतो, पाने सपाट करतो आणि पुन्हा दुसरीकडे ठोकतो. मग पिनांची चार भोके दिसतात आणि 'मधले पान बदलले' म्हणायला समोरच्याला जागा मिळते. लॅमिनेशन नको, पंचिंग नको, समासात पेन्सिलची खूणही नको. पिन न काढता मोबाइलवर फोटो घ्या, तेवढे पुरते. वडिलांच्या २०१४ च्या आसपासच्या सह्या आणि हस्ताक्षर असलेले कागदही एका पाकिटात जमवा: सोसायटीला दिलेले अर्ज, बँकेच्या पावत्या, चेकबुकातल्या स्थळप्रती. मृत्युपत्र हाताने लिहिलेले असल्याने हे पाकीट फार कामाचे आहे.

आता सेक्रेटरींचे म्हणणे. ते जुन्या कायद्याप्रमाणे बोलत आहेत. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे होते. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडच्या फ्लॅटला प्रोबेट हवे आणि पलीकडे ठाण्यात, तिथेच केलेल्या मृत्युपत्राला नको, असा तो विचित्र कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकले आणि वडील त्यानंतर गेले. म्हणजे सक्ती उरलेली नाही. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये, सभासद वारल्यावर मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे हस्तांतर करावे असेच लिहिले आहे.

मग प्रोबेटच्या भानगडीत पडायचे कशाला? सगळे वारस सज्ञान असते आणि एका सुरात असते तर आम्हीही हेच म्हटले असते: मृत्युपत्र, सगळ्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, सोसायटीला इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची लेखी हमी), आणि मोकळे व्हा. पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली म्हणजे नाशिकचे 'बघू'. दुसरी तुमच्या लक्षातच आलेली नाही, आणि ती जास्त जड आहे. वारस तुम्ही तिघे नाही, पाच आहात. वडिलांच्या आधी वारलेल्या मुलीची मुले ही हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस. भाचीची आणि भाच्याची नावे वारसांच्या यादीत आलीच पाहिजेत, फ्लॅट त्यांना मिळणार असो वा नसो. त्यातला भाचा १६ वर्षांचा. त्याच्या वतीने त्याच्या वडिलांनी ना-हरकत लिहून दिली किंवा हक्कसोडपत्र करून दिले तरी ते भक्कम नाही. अज्ञान मुलाच्या स्थावर हक्काची विल्हेवाट लावायला पालकाला कोर्टाची आगाऊ परवानगी लागते, नाहीतर मुलगा सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. उद्या फ्लॅट विकायला काढलात की घेणाऱ्याचा वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक नेमके इथेच बोट ठेवतील. म्हणून तुमच्या बाबतीत सक्ती नसली तरी प्रोबेट घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हाय कोर्टाने मृत्युपत्र खरे ठरवले की हा प्रश्न बराचसा निकाली निघतो. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. प्रोबेट एवढेच ठरवते की मृत्युपत्र खरे आणि रीतसर आहे. वडील त्या फ्लॅटचे खरोखर एकटे मालक होते का, हे प्रोबेट कोर्ट तपासत नाही.

जाता जाता, गावच्या जमिनीतला थोरल्या बहिणीचा वाटा बुडाला असे धरून चालू नका. आईबापांनी मुलाला मृत्युपत्राने काही दिले आणि ते मूल आधीच वारले, पण त्याची मुलेबाळे मागे हयात आहेत, तर भारतीय वारसा कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे तो वाटा शिल्लक राहतो. तो कुणाकुणाकडे जातो, त्यात तुमचे मेहुणेही येतात का, हा प्रश्न वकिलाला पहिल्या भेटीत विचारा. उत्तरापेक्षा तो प्रश्न ऐकल्यावर वकील काय करतो ते पाहा. जो पुस्तक उघडतो किंवा मृत्युपत्राचे नेमके शब्द बघायला मागतो, तो कामाचा.

वकील कुठला हवा हे कोर्टावर ठरते. पुण्याला किंवा नाशिकला प्रोबेट जिल्हा पातळीवरच्या दिवाणी कोर्टात होते. मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा वाढली असली तरी मृत्युपत्राची प्रकरणे तिथे चालत नाहीत, ती हाय कोर्टाच्या मूळ शाखेतल्या टेस्टामेंटरी विभागात जातात. तेव्हा ठाण्याच्या किंवा मुलुंडच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील कितीही हुशार असला तरी या कामाला तोच योग्य असे नाही. इथे वादविवाद कमी आणि कागद जास्त. टेस्टामेंटरी विभाग प्रत्येक अर्ज तपासून आक्षेप काढतो: परिशिष्टात, म्हणजे अर्जाला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत, सदनिकेचा क्रमांक चुकला, मृत्यूच्या दाखल्यावर आणि मृत्युपत्रावर नावाचे स्पेलिंग वेगळे, वारसाचे वय लिहिलेले नाही. हे आक्षेप मुदतीत दूर केले नाहीत तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बहुतेक रखडलेली प्रोबेट न्यायाधीशासमोर पोहोचलेलीच नसतात, या आक्षेपांत अडकलेली असतात.

त्यात तुमचे मृत्युपत्र मराठीत. हाय कोर्टाच्या मूळ शाखेचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे कोर्टाच्या अनुवादकाकडून अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागेल. तुम्ही स्वतः किंवा ओळखीच्या प्राध्यापकांनी केलेले चालत नाही. नेहमी हे काम करणारा वकील ही गोष्ट न विचारता सांगेल.

शोध असा घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांत मुंबईत प्रोबेट काढलेले कुटुंब आसपास नक्की सापडेल. त्यांच्याकडून वकिलाचे नाव घ्या आणि मिळालेले प्रोबेट प्रत्यक्ष बघा. अर्ज कधी दाखल झाला आणि प्रोबेट कधी मिळाले, या दोन तारखा खूप बोलतात. वडिलांचा आयकर भरणाऱ्या सीएला विचारा, त्यांना फोर्टमधली अशी दोन-तीन माणसे माहीत असतात. सोसायटीचा वकील मात्र घेऊ नका. तो सोसायटीचा आहे, आणि उद्या नाव चढवण्यावरून तुमचे आणि सोसायटीचे वाजले तर तो समोरच्या बाजूला बसेल. इंटरनेटवरच्या 'मुंबईतील टॉप टेन प्रोबेट वकील' अशा याद्यांवर विसंबू नका. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करायची परवानगीच नाही, तेव्हा त्या याद्या कशा तयार होतात ते ओळखा.

नावे मिळाली की दोन गोष्टी घरबसल्या तपासता येतात. एक, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना: महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनद क्रमांक 'एमएएच' अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटी वर्ष असते. तो मागण्यात काही वावगे नाही. दोन, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावावरून प्रकरणे शोधता येतात. त्यात टेस्टामेंटरी पिटिशन दिसतात की सगळी चेकची आणि भाडेकरूंची प्रकरणे, ते पाहा.

मग तिघांना भेटा. चांगला वकील फी सांगण्याआधी तुम्हाला तीन गोष्टी विचारतो: मेलेले धरून सगळे वारस कोण, मूळ मृत्युपत्र कुठे आहे, साक्षीदार हयात आहेत का. हे न विचारता आकडा सांगणाऱ्याला नमस्कार करून उठा. तुम्ही विचारायचे ते असे: सध्या तुमच्याकडे अशी किती प्रकरणे चालू आहेत? आक्षेप दूर करायला विभागात तुम्ही जाता की ज्युनिअर, आणि त्यांचा फोन नंबर मिळेल का? धाकट्या भावाने सही दिली नाही तर पुढे काय? 'दोन महिन्यांत करून देतो' म्हणणारा खोटे बोलतो आहे. वाद नसला तरी सहा महिने ते वर्ष धरून चाला. आणि कुणी 'भाच्यांची नावे कशाला घालता, उगीच लांबेल' असे सुचवले तर तो तुमचे नुकसान करतो आहे. ज्यांना कळवायला हवे होते त्यांना न कळवता मिळवलेले प्रोबेट भारतीय वारसा कायद्याच्या कलम २६३ खाली पुढे रद्द होऊ शकते.

३ टक्क्यांचे म्हणाल तर नाही, ते बरोबर नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. शिवाय फ्लॅटची किंमत वाढली म्हणून अर्जाचे काम वाढत नाही. एक कोटीचा फ्लॅट असो की तीन कोटींचा, परिशिष्टात ती एकच ओळ असते. ठरावीक रक्कम ठरवा आणि ती टप्प्यांत द्या: अर्ज दाखल होताना काही, आक्षेप दूर झाल्यावर काही, प्रोबेट हातात आल्यावर उरलेली. प्रकरण दाव्यात गेले तर फी किती, हेही आजच लिहून घ्या, कारण भांडण सुरू झाल्यावर घासाघीस करायची ताकद राहत नाही. कोर्ट फी वेगळी. महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी इस्टेटीच्या किमतीवर लागते आणि तिला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. मुंबईतला एक फ्लॅट आला की ही मर्यादा गाठलीच समजा. म्हणून 'कोर्ट फी दोन लाख' असे कुणी सांगितले तर पावती मागा. भाषांतर, प्रती, नोटरी, सायटेशन (वारसांना कोर्टाची नोटीस) बजावणे हे किरकोळ खर्च निराळे. हा सगळा खर्च तुमच्या एकटीच्या खिशातून जायला नको. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३२१ प्रमाणे अंत्यविधीच्या खर्चाखालोखाल प्रोबेटचा खर्च इस्टेटीतून भागवायचा असतो. पावत्या एका वहीत चिकटवत जा.

पैशांची खरीच ओढाताण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मागता येते. निदान पहिला सल्ला तिथून घ्यायला हरकत नाही.

मूळ मृत्युपत्र वकिलाच्या कपाटात राहू देऊ नका. ते अर्जाबरोबर कोर्टाच्या विभागात जमा होते. तोपर्यंत तुमच्याकडे ठेवा, आणि द्यावेच लागले तर पानांची संख्या लिहिलेली पोच घ्या. कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका. पुढे वकील बदलायची वेळ आली तर आधीच्या वकिलाची ना-हरकत लागते, म्हणून हिशेब चोख ठेवा.

न्यू जर्सीच्या भावाचे काम आजच सुरू करा, ते वाटते त्यापेक्षा हळू चालते. संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा इथल्या वकिलानेच करून पाठवायचा. भावाने तिथे नोटरीसमोर सही करून राज्याच्या ट्रेझरी खात्याकडून अपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन) घ्यायचे, किंवा न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करायचे. नुसता नोटरीचा शिक्का मारून स्कॅन पाठवला तर विभाग परत करेल. सोबत मुखत्यारपत्रही करणार असाल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरा.

नाशिकच्या भावाशी अर्ज करण्यापूर्वी बोला, आणि मृत्युपत्राची पूर्ण प्रत त्यांना पाठवा. 'बघू'च्या मागे पुष्कळदा एवढेच असते की त्यांना कुणी कागद दाखवलेला नाही. सही दिली नाही तरी अडत नाही. कोर्टामार्फत त्यांच्यावर सायटेशन बजावले जाईल, भाच्याच्या वतीने त्याच्या पालकावरही. ते गप्प राहिले तर अर्ज पुढे सरकतो. त्यांनी कॅव्हेट (हरकतीची नोंद) आणि त्याच्या पुष्टीचे प्रतिज्ञापत्र दाखल केले तर मात्र अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे होतात आणि वर्षे मोजावी लागतात. फ्लॅट तुम्हाला आणि एक्झिक्युटरही तुम्हीच, म्हणून मृत्युपत्र लिहिताना तुम्ही तिथे होतात का हा प्रश्न तेव्हा पहिला येईल. होतात तर वकिलाला आत्ताच सांगा.

बँकेच्या ठेवींसाठी प्रोबेटची वाट पाहावी लागेलच असे नाही. नॉमिनी नसलेल्या खात्यांवरही १५ लाखांपर्यंतचे दावे कोर्टाच्या कागदांविना सोप्या पद्धतीने निकाली काढावेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख. वारसांत वाद नसावा ही अट आहे, तेव्हा इथेही आधी नाशिकच. जमिनीची वारस नोंद मात्र थांबवू नका. वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे द्यायची असते.

प्रोबेट हातात आले की निदान पाच प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या: सोसायटी, बँक, डिमॅट, तलाठी आणि एक घरात. आणि एक्झिक्युटर म्हणून तुमचे काम तिथे संपत नाही. प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात दाखल करायचा असतो. बरेच वकील हे सांगत नाहीत, कारण त्यांची फी तोवर मिळालेली असते. पहिल्या भेटीतच विचारा की हे काम ठरलेल्या रकमेत धरले आहे का.